अष्टपैलू कोणाला म्हणायचं? गारचॉम्प, म्यू आणि 'न कळण्या'ची किंमत

पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढायांवर लिहिलेलं कुठलंही मार्गदर्शन उघडून बघा. गारचॉम्पच्या पानावर पहिल्या परिच्छेदात एक वाक्य हमखास सापडतं: हा अष्टपैलू आहे, त्याचा अंदाज बांधणं अवघड आहे. ते वाक्य तिथेच राहतं. त्याखाली सेट क्रमांक एक, सेट क्रमांक दोन, सेट क्रमांक तीन अशी मांडणी सुरू होते आणि प्रत्येक सेटखाली त्याला कोण अडवतं याची यादी येते. म्हणजे ज्या गुणाचं कौतुक वर केलं, त्याचा हिशोब खाली कुठेच नाही.

ही मार्गदर्शनं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ती लिहिणारे बहुतेक लोक हौसेने, फुकट आणि बारीक आकडेमोड करून लिहितात. पण त्यांची मांडणी शब्दकोशासारखी आहे आणि अष्टपैलुत्व शब्दकोशात मावत नाही. ते सेटच्या आत नसतं, दोन सेटच्या मधे असतं. हे कसं, ते आज गेम थिअरीतल्या दोन-तीन साध्या कल्पना घेऊन बघू. या खेळाचा गंध नसला तरी चालेल, लागेल तेवढं सांगत जातो.

आधी थोडी ओळख

लढाईत प्रत्येकाकडे सहा पोकेमॉनचा संघ असतो. प्रत्येक पोकेमॉनला फक्त चार मूव्ह, एक आयटम आणि एक ॲबिलिटी घेता येते. शिवाय ५१० सराव-गुण वाटायचे असतात आणि एका क्षमतेवर जास्तीत जास्त २५२ टाकता येतात. थोडक्यात, दोनच क्षमता पूर्ण ताणता येतात. पोकेमॉन, त्याच्या मूव्ह, आयटम आणि गुणांची वाटणी या सगळ्याला मिळून 'सेट' म्हणतात. प्रत्येक फेरीत दोन्ही खेळाडू एकाच वेळी, एकमेकांचं न बघता निर्णय घेतात: मारा करायचा, की पोकेमॉन बदलायचा.

२०१० मध्ये आलेल्या ब्लॅक आणि व्हाइटपासून लढाईआधी समोरच्याचे सहा पोकेमॉन दिसू लागले. सेट मात्र दिसत नाहीत. समोर गारचॉम्प आहे हे कळतं. कुठला गारचॉम्प, हे कळत नाही. माझा सगळा मुद्दा या फरकावर उभा आहे.

बेरीज एकच, पण...

अष्टपैलू म्हटलं की सगळ्यात आधी म्यूचं नाव निघतं. १९९६ च्या मूळ खेळात तो शिगेकी मोरिमोतो यांनी अगदी शेवटी, गुपचूप टाकला. तपासणीसाठीचा कोड काढल्यावर उरलेल्या जागेत तो बसवला होता. त्या खेळातली सगळी ५० टीएम आणि पाचही एचएम तो शिकू शकत असे. आजच्या मोजणीत त्याच्या सहाही क्षमता १०० आहेत, एकूण ६००.

गारचॉम्पची बेरीजही ६०० च आहे. पण वाटणी बघा: हल्ला १३०, जीव १०८, वेग १०२, बचाव ९५, विशेष बचाव ८५, विशेष हल्ला ८०. त्या १०२ मध्ये गंमत आहे. वेग १०० असलेल्यांची या खेळात गर्दी आहे: म्यू, सॅलमेन्स, चॅरिझार्ड, झॅपडॉस, जिराची. गारचॉम्प त्या सगळ्यांच्या फक्त दोन पावलं पुढे आहे, आणि तेवढी पुरतात. पातळी १०० वर दोघांनीही वेग पूर्ण ताणला तर गारचॉम्प ३३३ आणि म्यू ३२८. पहिला वार गारचॉम्पचा.

शिकता येणाऱ्या मूव्ह मोजल्या तर म्यूपुढे गारचॉम्प कुठेच नाही. मग लढाईत जास्त डोकेदुखी कोणाची? म्यूला हाताळताना बरेचदा एकच उत्तर बऱ्याच सेटना लागू पडतं. तो सायकिक प्रकाराचा आहे, म्हणजे डार्क प्रकाराचा मारा त्याला दुप्पट लागतो आणि त्याचा सायकिक मारा डार्कवर चालतच नाही. तो टिकून राहायला आलाय की वार करायला, हे कळलं नाही तरी चांगला डार्क पोकेमॉन समोर आणणं फारसं चुकत नाही. तुमच्या अज्ञानाची तुम्हाला फार किंमत पडत नाही. स्वोर्ड आणि शील्डच्या काळात म्यू पुष्कळ वापरला गेला, तो मुख्यतः एकाच कामासाठी: पहिल्यांदा यायचं, समोरच्याच्या बाजूला दगड-काटे पसरायचे आणि मरायला मोकळं व्हायचं. ज्याला सगळं येतं, त्याच्या वाट्याला एकच काम आलं.

एक छोटं कोष्टक

गारचॉम्पचं तसं नाही. ब्लॅक-व्हाइटच्या काळातला एक प्रसंग घेऊ. मैदानात माझा गारचॉम्प, समोर तुमचा लॅटिओस. लॅटिओसचा वेग ११०, म्हणजे तो गारचॉम्पपेक्षा जलद. दोघेही ड्रॅगन, म्हणून ड्रॅगनचा मारा दोघांनाही दुप्पट लागतो. ज्याचा वार आधी, तो जगला.

माझ्याकडे दोनपैकी एक सेट आहे असं धरा.

पहिला, चॉइस स्कार्फ. वेग दीडपट होतो, पण एकदा निवडलेली मूव्ह बाहेर जाईपर्यंत बदलता येत नाही. दुसरा, स्वोर्ड्स डान्स. एक फेरी खर्च करून हल्ला दुप्पट करायचा आणि मग धुमाकूळ घालायचा.

तुमच्यापुढेही दोन पर्याय आहेत: लॅटिओस ठेवून ड्रॅको मीटिऑर मारायचा, किंवा तो मागे घेऊन फेरोथॉर्न आणायचा. फेरोथॉर्न पोलाद आणि गवत अशा दुहेरी प्रकाराचा. त्याला ड्रॅगनचा मारा निम्माच लागतो, आगीचा मात्र चौपट.

आता फायद्या-तोट्याला आकडे देऊ. आकडे माझे आहेत, समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेले.

– माझा स्कार्फ, तुम्ही थांबलात: मी आधी मारतो, लॅटिओस गेला. मला अधिक ३.
– माझा स्कार्फ, तुम्ही फेरोथॉर्न आणलात: मी ड्रॅगनच्या माऱ्यात अडकलो, तुम्हाला फुकटची फेरी मिळाली. मला उणे १.
– माझा स्वोर्ड्स डान्स, तुम्ही थांबलात: लॅटिओस आधी मारतो, गारचॉम्प गेला. मला उणे ३.
– माझा स्वोर्ड्स डान्स, तुम्ही फेरोथॉर्न आणलात: माझा हल्ला दुप्पट झाला आणि पुढच्या फेरीसाठी फायर फँग तयार आहे. मला अधिक २.

तुम्हाला माझा सेट माहीत असेल तर खेळ संपलाच. स्कार्फ असेल तर तुम्ही बदली कराल, डान्स असेल तर थांबाल. माझ्या हाती उणे १ किंवा उणे ३. मी शहाणा असेन तर स्कार्फ घेईन आणि उणे १ वर समाधान मानेन.

माहीत नसेल तर? जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाप्रमाणे अशा शून्य-बेरीज खेळाला एक ठरावीक मोल असतं, आणि ते गाठायला दोघांनीही आपापले पर्याय ठरावीक प्रमाणात मिसळावे लागतात. गणित केलं तर मी नऊपैकी पाच वेळा स्कार्फ आणि चार वेळा डान्स आणावा, तुम्ही तीनपैकी एकदा थांबावं आणि दोनदा बदली करावी. तेव्हा माझी सरासरी येते अधिक १/३.

उणे १ पासून अधिक १/३ पर्यंत. फरक ४/३. या फरकात गारचॉम्पची ताकद, वेग, मूव्ह काहीही बदललेलं नाही. बदललंय ते फक्त तुम्हाला काय माहीत आहे एवढंच. हे ४/३ म्हणजे माझ्या मते अष्टपैलुत्वाची खरी किंमत, आणि ती तुम्ही मोजता, मी नाही.

क्रिकेट बघणाऱ्याला हे नवीन वाटणार नाही. गुगली म्हणून तो चेंडू काही फार जहाल नसतो. तो येऊ शकतो, म्हणून फलंदाज साध्या लेगब्रेकलाही बिचकून खेळतो. षटकात गुगली एकदाही पडली नाही तरी तिने आपलं काम केलेलं असतं.

'सर्वोत्तम सेट' हा प्रश्न कुठे फसतो

आता मार्गदर्शनांकडे परत येऊ. त्यांचा आवडता प्रश्न: गारचॉम्पचा सर्वोत्तम सेट कोणता?

आपल्या कोष्टकात तुम्ही नीट खेळत असाल, म्हणजे तीनपैकी एकदा थांबत असाल, तर मला स्कार्फने मिळतात अधिक १/३ आणि डान्सनेही अधिक १/३. तंतोतंत सारखे. समतोलात ज्या ज्या सेटना जागा आहे ते सगळे सारखंच देतात. एखादा जास्त देत असता तर सगळे त्याच्याकडे वळले असते, समोरचे त्याची तयारी करून आले असते आणि तो फायदा विरून गेला असता.

म्हणजे 'सर्वोत्तम सेट' ही गारचॉम्पची मालमत्ता नाही. ती त्या महिन्यात इतर लोक काय आणताहेत याची मालमत्ता आहे. स्मॉगनसारखे समुदाय दर महिन्याला वापराचे आकडे प्रसिद्ध करतात. कुठला पोकेमॉन किती वेळा आला, त्याने कुठला आयटम आणि कुठल्या मूव्ह किती वेळा घेतल्या, सगळं त्यात असतं. पण बहुतेक वाचक ते आकडे लोकप्रियतेची यादी म्हणून वाचतात: जास्त लोक घेतात, म्हणजे चांगलं असणार. खरं तर तो पूर्वअंदाज आहे, समोर येणाऱ्या गारचॉम्पच्या पोटात काय असेल याची शक्यता. एक सेट फार लोकप्रिय झाला की दुसऱ्याचं मोल वाढतं, कारण सगळे पहिल्यासाठी तयार असतात.

डायमंड-पर्लच्या काळातलं जुनं उदाहरण बघा. गारचॉम्पला बर्फाचा मारा चौपट लागतो. त्यामुळे प्रत्येक संघात त्याच्यासाठी एखादी आइस बीम राखून ठेवलेली असे. आली की गारचॉम्प संपला, असा हिशोब. मग लोक त्याच्या हाती 'याचे' नावाची बेरी देऊ लागले (आपल्या षष्ठीशी या नावाचा संबंध नाही). ही बेरी बर्फाचा एक घाव निम्मा करते. गारचॉम्प तो घाव सोसून उभा राही, स्वोर्ड्स डान्स करी, आणि पुढचं सांगायला नको. बेरी एकदाच चालते. पण तिचा दरारा ती नसलेल्या गारचॉम्पलाही मिळे, कारण बाहेरून दोघे सारखेच. शेवटी स्मॉगनने त्या पिढीत गारचॉम्पला मुख्य गटातून काढून वरच्या 'उबर' गटात टाकलं.

उलगडत जाणारं अज्ञान

इथे एक रास्त आक्षेप येतो. अष्टपैलुत्व म्हणजे समोरच्याचं अज्ञान असेल, तर मग हा खेळ कौशल्याचा की छापा-काट्याचा?

गेम थिअरीत दोन गोष्टी वेगळ्या धरतात. तू आत्ता काय करणार आहेस हे मला माहीत नसणं ही एक. तू मुळात कोण आहेस हे माहीत नसणं ही दुसरी. दुसऱ्या प्रकारच्या खेळांना गणितात बसवण्याची रीत जॉन हार्सानी यांनी १९६७-६८ मध्ये मांडली: प्रत्येक खेळाडूला एक गुप्त 'प्रकार' असतो, बाकीच्यांकडे त्याबद्दलचा अंदाज असतो आणि खेळ पुढे सरकेल तसा तो अंदाज सुधारत जातो.

गारचॉम्पबाबत हे सुधारणं फार सुंदर होतं. समजा शंभर गारचॉम्पांपैकी ५० दगड पसरणारे टँक, ३० डान्सवाले आणि २० स्कार्फवाले. टँक लेफ्टओव्हर्स बाळगतात असं धरू. हा आयटम दर फेरीच्या शेवटी जीवाचा सोळावा भाग परत देतो आणि तसा संदेश पडद्यावर दिसतो. आता गारचॉम्प एक घाव खात मैदानात आला, फेरी संपली, आणि संदेश आलाच नाही. टँक बाद. उरले ३० आणि २०, म्हणजे डान्स ६० टक्के, स्कार्फ ४० टक्के.

आता आपलं कोष्टक आठवा. स्कार्फची शक्यता नवांत पाच, म्हणजे साधारण ५६ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर लॅटिओसने थांबून मारावं. इथे ती ४० आहे. थांबा आणि मारा. एक न दिसलेला संदेश तुमचा निर्णय ठरवून गेला.

असे पुरावे ठिकठिकाणी सांडलेले असतात. मारल्यावर स्वतःचा दहावा भाग जीव गेला तर लाइफ ऑर्ब. जलद पोकेमॉनच्या आधी वार केला तर स्कार्फ. वार किती खोल लागला यावरून सराव-गुण कुठे गेले याचा अंदाज. चांगला खेळाडू हे सगळं वाचतो, आणि त्याहून चांगला खेळाडू समोरचा वाचतोय हे ओळखून पुरावा उशिरा हाती लागेल असं खेळतो. हे कौशल्यच आहे.

याच्या शेजारी एक्स आणि वायमधला एजिस्लॅश ठेवा. तोही अष्टपैलू. ढाल-रूपात दोन्ही बचाव १५०, तलवार-रूपात दोन्ही हल्ले १५०. मारताना तलवार, किंग्ज शील्ड वापरली की पुन्हा ढाल, आणि त्या शील्डला अंगाला भिडून मारणाऱ्याचा हल्ला दोन पायऱ्या खाली. म्हणजे तलवार उघडी असताना दरवेळी तोच पेच: आत्ता शील्ड, की वार? लागोपाठ शील्ड फसू शकते हे खरं, पण मागच्या पेचातून पुढच्या पेचाबद्दल फारसं काही कळत नाही. हे पहिल्या प्रकारचं अज्ञान आहे आणि ते दर खेपेला नव्याने सुरू होतं. स्मॉगनने त्या पिढीत त्यालाही मुख्य गटातून बाहेर काढलं आणि त्या चर्चेत या छापा-काट्याची तक्रार ठळक होती.

म्हणून माझी कसोटी अशी: चांगलं अष्टपैलुत्व सुरुवातीला लपलेलं असतं आणि खेळता खेळता उलगडतं. जे कधीच उलगडत नाही, ते फक्त दमवतं.

पत्ते उघडे ठेवले तर

अलीकडच्या काही हंगामांपासून अधिकृत जोडी-लढायांच्या स्पर्धांत खेळाडू एकमेकांना संघाची यादी आधीच देतात: पोकेमॉन, मूव्ह, आयटम, ॲबिलिटी, सगळं. सराव-गुणांची वाटणी मात्र झाकलेली राहते. याचं समर्थन पटण्यासारखं आहे. मोठ्या स्पर्धेत ज्याचे मित्र जास्त, त्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा संघ आधीच कळतो. एकट्याने आलेल्यावर तो अन्यायच. सगळ्यांनाच सगळं दिसलं तर निदान तो अन्याय जातो.

पण आपल्या कोष्टकात काय झालं ते बघा. अधिक १/३ चं पुन्हा उणे १ झालं. ते ४/३ गेलं. अज्ञान संपलं असं नाही. समोरचा प्रोटेक्ट घेईल की मारेल, दोघांपैकी कोणाला मारेल, हे प्रश्न दर फेरीला आहेतच. पण ते 'तू काय करशील' या जातीचे. 'तू कोण आहेस' हा प्रश्न जवळजवळ पुसला गेला, आणि पुरावे गोळा करत जाण्याची मजाही त्याच्याबरोबर गेली. अशा खेळात अष्टपैलू पोकेमॉन संघ बांधताना उपयोगी पडतो, मैदानात उतरल्यावर तो इतरांसारखाच एक.

न्याय हवा हे मान्य. मला खटकतं ते एवढंच की हा बदल 'माहितीची समानता' म्हणून मांडला जातो आणि त्यात खेळाचा एक अख्खा थर गेला हे कोणी फारसं मोजत नाही. मोजता येतं, आत्ताच आपण मोजलं.

मग मार्गदर्शन कसं वाचायचं?

पुढच्या वेळी एखाद्या पोकेमॉनला 'अष्टपैलू' म्हटलेलं दिसलं की तीन प्रश्न विचारा. एक, त्याचे वेगवेगळे सेट सुरुवातीला सारखे दिसतात का? दोन, त्यांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत का, म्हणजे एकासाठी जे बरोबर ते दुसऱ्यासाठी घातक आहे का? तीन, चुकीची किंमत मोठी आहे का? म्यू बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावर अडखळतो. गारचॉम्प तिन्हींवर उतरतो.

आणि मार्गदर्शन लिहिणाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक सेटखाली 'याला कोण अडवतं' लिहिता, तसं एक छोटं कोष्टक द्या: हा सेट आहे असं समजून वागलो आणि निघाला दुसराच, तर काय होईल? ओळी त्याच, रकाने त्याच सेटचे. ज्या पोकेमॉनच्या कोष्टकात मोठे उणे आकडे दिसतील, तो अष्टपैलू. बाकीच्यांना खूप गोष्टी येतात, एवढंच.